शेणखत, गांडूळखत की पिशवीतलं तयार मिश्रण? कुंडी भरण्याआधी जंतूंचा विचार

गच्चीवर भाजी लावायची ठरली की पहिला प्रश्न खताचा. बहुतेक जण भाव आणि वास बघून ठरवतात. मी मात्र आधी दोन गोष्टी विचारते: त्या कुंडीतलं काही कच्चं खाल्लं जाणार आहे का? आणि माती कालवणाऱ्याला मधुमेह किंवा फुफ्फुसाचा जुना आजार आहे का?

शेणखत स्वस्त, आणि माती भुसभुशीत करण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही नाही. पण गुरांच्या आतड्यात ई. कोलायचे घातक प्रकार आणि साल्मोनेला असू शकतात. शेण नीट कुजलेलं नसेल तर पाणी घालताना उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर ते कोथिंबिरीच्या पानांवर येतात. चांगला रचलेला ढीग आतून 55 अंशांच्या वर तापतो आणि काही दिवस तसाच राहिला तर हे जंतू मरतात. कडा मात्र गारच राहतात, म्हणून ढीग वरखाली करावाच लागतो. लोखंडी सळई मध्यभागी खुपसून थोड्या वेळाने काढा. हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. विकत घेताना मूठभर दाबून बघा. शेणाचा वास येत असेल, आत ओलसर गोळे किंवा ऊब लागत असेल, तर ते कच्चं आहे, परत करा. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांप्रमाणे मातीला टेकणाऱ्या पिकाला कच्चं शेणखत घातलं, तर काढणीपर्यंत किमान 120 दिवस जावे लागतात. आपली मेथी महिन्याभरात ताटात येते!

गांडूळखतात उष्णतेचा भरवसा नाही, कारण तेवढ्या तापमानात गांडुळंच जगणार नाहीत. त्यांच्या पोटातून जाताना जंतू बरेच कमी होतात, पण मूळ शेण आधी कुजवलेलं होतं का, हे विक्रेत्याला विचाराच. घरच्या छोट्या डब्यातलं कंपोस्टही फारसं तापत नाही. त्यात मांस-मासे न घालणं आणि ते पुरतं मुरू देणं, एवढंच आपल्या हातात.

पिशवीतलं मिश्रण दिसायला सगळ्यात स्वच्छ, आणि इथेच लोक गाफील राहतात. लेजिओनेला लाँगबीची नावाचा जंतू अशा मिश्रणात आणि कंपोस्टमध्ये वाढतो. तो पोटातून नाही, श्वासातून जातो आणि न्यूमोनिया करतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1988-89 मध्ये त्याची साथ आली, त्यानंतर त्याचा माग कुंडीच्या मिश्रणापर्यंत लागला. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी पिशवीवरची इशाऱ्याची सूचना पाहिली असेल. उन्हात कोरडी पिशवी फाडून बघा, केवढी बारीक धूळ वर येते! म्हणून पिशवी मोकळ्या हवेत, चेहरा लांब ठेवून कात्रीने कापावी, आत पाणी शिंपडावं आणि मगच हात घालावा. मास्क लावावा.

धनुर्वाताचे जंतू तिन्हीत असू शकतात. त्यांची बीजं ढिगाच्या उष्णतेलाही दाद देत नाहीत. गुलाबाचा काटा खोल रुतला तरी ती आत जाऊ शकतात. यावर लसच. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी डोस घ्यावा.

माझी निवड सांगते. पालेभाजीला आधी कुजवलेल्या शेणावरचं गांडूळखत. वांगी, मिरची, दोडका, गुलाब यांना पूर्ण मुरलेलं शेणखत, तेही लावणीआधी मातीत मिसळून. पिशवीतलं मिश्रण फक्त रोपं तयार करायला, आणि दम्याच्या किंवा सिगारेट ओढणाऱ्या माणसाने ते कालवू नये.

मधुमेह असेल तर पावसाळ्यात अनवाणी चिखलात उतरू नका. किनारी कर्नाटकात दिसणारा मेलिऑइडोसिस हा जंतूंचा आजार मातीतूनच येतो आणि मधुमेहींना जास्त गाठतो. बागकामानंतर ताप-खोकला हटेना झाला, तर डॉक्टरांना मातीत काम केल्याचं आवर्जून सांगा. लेजिओनेलाचा न्यूमोनिया आणि मेलिऑइडोसिस या दोन्ही आजारांत नेहमीची काही अँटिबायोटिक्स चालत नाहीत, औषध वेगळं निवडावं लागतं.