ग्लुकोमीटर घेताना आधी पट्ट्यांचा हिशोब करा

आईसाठी हा ग्लुकोमीटर, म्हणजे घरच्या घरी रक्तातली साखर मोजायचं मशीन, घेऊन आठ महिने झाले. मशीनबद्दल तक्रार नाही. पट्टी खोचली की चालू होतं, छोटासा थेंब पुरतो, आकडा आईला चष्म्याशिवाय वाचता येतो. एकदा लॅबच्या रिपोर्टशी ताडून पाहिलं, लॅबचे १४२ तर याचे १५१. १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, त्यामुळे मी निश्चिंत आहे.

खरा खर्च पट्ट्यांचा. पट्टी एकदाच वापरता येते, दुसऱ्या कंपनीची चालत नाही. रक्त कमी पडलं की एरर, आणि पट्टी वाया. ती वाया जाऊ नये म्हणून आई बोट असं पिळायची की नख पांढरं पडायचं. (कोमट पाण्याने हात धुऊन थोडा वेळ खाली सोडला की थेंब सहज येतो. हे आम्हाला फार उशिरा कळलं.)

एका रात्री तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मोजलं तर ५८, साखर फारच उतरलेली. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८४. डबीत तेवढ्या दोनच पट्ट्या उरल्या होत्या.

मशीनमध्ये जुने आकडे तारखेसकट राहतात. ती झोपल्यावर मी ते मागे मागे बघत गेले. दर महिन्याचं तेच. सुरुवातीला रोज, मग दिवसाआड, वीस तारखेनंतर काहीच नाही. सकाळी विचारलं तर म्हणाली, "पुरवून वापरते गं." जेवणही पुरवूनच चाललं होतं. नातवंडांना वाढून उरेल ते खायची आणि गोळी मात्र न चुकता घ्यायची. तिची गोळी अशी की पोट रिकामं असलं तरी साखर उतरवतेच.

मशीन घेऊनच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळी बदलली. म्हणाले, कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींवर २०१४ मध्ये एक अभ्यास आला होता. साखर फार उतरल्यामुळे दाखल होणारे कमी उत्पन्नाचे रुग्ण पहिल्या आठवड्यापेक्षा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात २७ टक्के जास्त होते. पैसेवाल्यांत असा फरक नव्हता. म्हणजे पट्टी सगळ्यात जास्त लागते तेव्हाच डबी रिकामी असते.

आता रोज मोजत नाही, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशीच मोजतो. शेवटच्या चार पट्ट्या डबीतच राखून ठेवतो.

मशीनला पाचपैकी चार. एक गुण पट्ट्यांसाठी कापला. तुम्ही घेणार असाल तर महिन्याला किती पट्ट्या लागतील ते डॉक्टरांना विचारा, तेवढ्या दर महिन्याला परवडतील का बघा, आणि मगच मशीन निवडा.