मॉरिशस की मालदीव: पैसा मुरतो कुठे?

दोन्ही देश हिंदी महासागरातले, दरडोई उत्पन्नातही फार अंतर नाही. तरी आलेला पैसा सामान्य माणसापर्यंत मुरण्याची घडण अगदी वेगळी.

१९६१ च्या सुमारास अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांना मॉरिशसचं काही खरं दिसत नव्हतं: सगळी भिस्त उसावर, त्यात वाढती लोकसंख्या. पण १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा (निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा) कायदा आला, कपड्यांच्या कारखान्यांत बायकांना काम मिळालं, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. उसाच्या जमिनी मात्र अजूनही बऱ्याचशा जुन्या फ्रेंचवंशीय घराण्यांकडेच.

मालदीवचं पहिलं रिसॉर्ट १९७२ चं. पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हीच रीत पडली. पाहुणा विमानतळावरून स्पीडबोटीने थेट रिसॉर्टवर. शेजारच्या बेटावरल्या दुकानदाराला त्याचं तोंडही दिसत नाही. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना मुभा मिळाली ती २००९ नंतर, तेव्हा कुठे माफुशीसारख्या बेटावर डॉलर उतरले. चांगल्या इस्पितळासाठी, नोकरीसाठी अजून राजधानी मालेच गाठावी लागते. तिथे अरुंद गल्ल्यांत स्कूटरींची दाटी आणि घरभाडं छाती दडपवणारं.

मला विचाराल तर मॉरिशसच उजवा. कारखान्याची बस निदान गावातून जायची.