मेलवरचा डेक की समोर दाखवायचा?
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल घेऊन ऑनलाइन विकणारा माझा मावसभाऊ एकच डेक, म्हणजे धंदा समजावून सांगणाऱ्या स्लाइडचा संच, गुंतवणूकदारांना मेलही करायचा नि पडद्यावरही लावायचा. तिथंच गाडी अडायची. मेलवरचा डेक गुंतवणूकदार एकटाच वाचतो. त्यात पूर्ण वाक्यं हवीत, एका टॉवेलमागे खरेदी, पॅकिंग, कुरिअर वजा जाता उरतं किती, हेही हवं. समोर दाखवायचा डेक उलटा. त्यासाठी अमेरिकन गुंतवणूकदार गाय कावासाकींचा हिशेब सरळ आहे: 10 स्लाइड, 20 मिनिटं, अक्षर किमान 30 पॉइंटचं. मला हाच डेक अवघड वाटतो. बोलावं आपल्यालाच लागतं ना! परवा त्यानं एक स्लाइड गाळली, टेबलावर पेलाभर पाणी ओतलं आणि टॉवेलनं टिपलं. लगेच गुंतवणूकदारांकडून प्रश्न आला, “माल परत किती येतो?” परत येणाऱ्या मालाची स्लाइड त्यानं शेवटी राखून ठेवली होती.