वर्गातला संवाद तपासायचाय: फ्लँडर्स, आयआरएफ, संभाषण विश्लेषण की सेडा?

पद्धत निवडण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. ‘शिक्षक किती बोलतात?’ आणि ‘मुलं एकमेकांचा मुद्दा पुढे नेतात का?’ या दोन प्रश्नांना एकच साधन पुरत नाही. हा छोटा तुकडा बघा:

शिक्षक: बर्फ पाण्यावर का तरंगतो?
पहिली मुलगी: हलका असतो म्हणून.
शिक्षक: हलका म्हणजे? मोठी लादीसुद्धा तरंगतेच की.
दुसरा मुलगा: तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा हलका, असं म्हणायचंय तिला.

वर्गातलं बोलणं मोजण्याच्या फ्लँडर्स यांच्या पद्धतीत १० प्रवर्ग आहेत: ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्यांचे आणि १ शांतता किंवा गोंधळाचा. निरीक्षक दर ३ सेकंदांनी एक आकडा टिपतो, म्हणजे मिनिटाला २० आणि ४० मिनिटांच्या तासाला ८००च्या आसपास. ध्वनिमुद्रण लागत नाही, शिक्षक-विद्यार्थी बोलण्याची टक्केवारी त्याच दिवशी हातात येते. आकडे मात्र तोंडपाठ हवेत. तक्ता बघत बसलात की नोंद मागे पडते. दोन प्रवर्गांत अडलात तर ५पासून (व्याख्यान) जो दूर असेल तो घ्यायचा, मात्र १० नाही, असा नियमच आहे. वरचा तुकडा साधारण ४ (शिक्षकाचा प्रश्न), ८ (विद्यार्थ्याचं उत्तर), ४, ९ (विद्यार्थ्याने स्वतःहून बोलणं) असा उतरेल. त्या शेवटच्या ९मध्ये मुलाने मैत्रिणीचं म्हणणं नेमकं केलं हे कुठेच दिसत नाही. गटकार्यासाठी ही पद्धत घेऊच नका.

आयआरएफ, म्हणजे आरंभ, प्रतिसाद, प्रत्याभरण, ही सिंक्लेअर आणि कुल्थर्ड या भाषावैज्ञानिकांनी १९७५मध्ये मांडलेली चौकट. स्वतःचे प्रश्न सुधारू पाहणाऱ्या शिक्षकाला मी आधी हीच सुचवेन. दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण घ्या, प्रत्येक उत्तरानंतरचं आपलं वाक्य उतरवा आणि बघा: ‘बरोबर’ म्हणून विषय संपवला, उत्तर नुसतं पुन्हा म्हटलं, की खोदून विचारलं? एक अडचण येतेच. ‘हलका म्हणजे?’ हे प्रत्याभरणही आहे आणि नवा आरंभही. ते कशात धरायचं हा नियम सुरुवातीलाच लिहून ठेवा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या पानावरची मोजणी जुळणार नाही.

संभाषण विश्लेषणात मोजणीपेक्षा बोलणं कसं घडतं याला महत्त्व. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांचा बोलण्याच्या पाळ्यांवरचा लेख १९७४चा. प्रतिलेखनाची चिन्हं जेफरसन यांची. विराम सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत, एकाच वेळी बोललेलं चौकोनी कंसात. शिक्षकाच्या ‘का तरंगतो?’नंतरचा विराम (०.३) सेकंदांचा होता की (४.०), यावर त्या उत्तराचा अर्थ बदलतो. किंमत वेळेची: मिनिटभर बोलणं उतरवायला सरावलेल्या माणसालाही तासभर सहज लागतो. यंत्राने केलेलं प्रतिलेखन इथे दगा देतं, कारण ते ‘अं’, अडखळणं आणि विराम बऱ्याचदा गाळून टाकतं. नेमकं तेच इथे हवं असतं.

सेडा, म्हणजे शैक्षणिक संवादाच्या विश्लेषणाचा आराखडा (Scheme for Educational Dialogue Analysis), केंब्रिज आणि मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळून घडवली. २०१६च्या आराखड्यात ८ गटांत ३३ संकेत, म्हणजे प्रत्येक बोलण्याला लावायच्या खुणा, आहेत. शिक्षकाचं ‘हलका म्हणजे?’ इथे ‘स्पष्टीकरणाचं आमंत्रण’ ठरतं आणि मुलाचं वाक्य ‘कल्पना पुढे नेणे’. ‘मुलं एकमेकांचा मुद्दा पुढे नेतात का?’ या प्रश्नासाठी हीच योग्य. पण एकट्याने ३३ संकेत घेऊन बसू नका. आठ गटांवर थांबा, किंवा प्रश्नाला लागतील तेवढेच चार-पाच संकेत उचला.

दोघांनी स्वतंत्रपणे संकेत देऊन जुळणी तपासा, आणि नुसत्या टक्केवारीवर विसंबू नका. समजा १०० वाक्यांत एक संकेत दोघांनीही दिला असं १ वाक्य, दोघांनीही दिला नाही अशी ९५, आणि प्रत्येकाने एकट्यानेच दिला अशी २-२. जुळणी ९६ टक्के, पण कोहेनचा कॅपा, म्हणजे योगायोगाचं एकमत वगळून काढलेली जुळणी (पूर्ण जुळली तर १), जेमतेम ०.३१! संकेत दुर्मीळ असला की ‘नाही’वर योगायोगानेच एकमत होतं, म्हणून असं घडतं. अशा वेळी संकेताची व्याख्या उदाहरणांसह पुन्हा लिहा आणि नव्या तुकड्यावर तपासा.

प्रबंधासाठी वेळ असेल तर जोडी लावा: सगळ्या तासांना सेडा, आणि त्यातून निवडलेल्या दोन-तीन मिनिटांनाच जेफरसन पद्धतीचं प्रतिलेखन. गटचर्चा असेल तर प्रत्येक टेबलावर वेगळा रेकॉर्डर ठेवा. खोलीच्या मध्यभागी ठेवलेल्या एकाच माइकमधून कोण बोललं हे नंतर कुठल्याच पद्धतीने सांगता येत नाही.