नवी विंग झकास, पण आमच्या गल्लीचं काय?

पाचपैकी तीन तारे. त्यातले अडीच डायलिसिसच्या सिस्टरांना.

पुण्यात कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत आमची बिल्डिंग, समोरच हॉस्पिटलची ही नवी विंग. ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. पूर्वी रिक्षा शोधत बसायचो. आता पायात चपला सरकवल्या, रस्ता ओलांडला की झालं. जागा ऐसपैस, लिफ्टमध्ये स्ट्रेचर सहज वळतं.

तक्रार आहे ती रस्ता ओलांडण्याचीच. तळघरात पार्किंग आहे, पण पैसे पडतात म्हणून लोक दुचाक्या आमच्या फाटकाला लावून जातात. संध्याकाळी ओपीडी, तेव्हाच क्लासची पोरं सुटतात आणि औषधांचा टेम्पोही नेमका तेव्हाच उलटा शिरतो. मागच्या मंगळवारी १०८ची रुग्णवाहिका शहाळेवाल्यापाशी अडकली. वाट न देणाऱ्याला कायद्याने १०,००० रुपये दंड आहे. इथे वाट द्यायला जागाच नव्हती, दंड कोणाला करणार? शेवटी आमच्या वॉचमनने शहाळ्यांची गाडी ढकलली. आणि ती शांतता क्षेत्राची पाटी! सगळ्यात जास्त हॉर्न तिच्याखालीच वाजतात.

वनाझची मेट्रो २०२२पासून धावतेय. भेटायला येणाऱ्यांनी नळ स्टॉपला उतरून चालत यावं, गुडघे दुखत असूनही मी चालते. व्यवस्थापनाला दोनदा सांगितलं : टेम्पो सकाळी सहाला बोलवा, पेशंटमागे एका गाडीचं पार्किंग फुकट करा. ‘बघतो काकू’ म्हणाले. टेम्पो आजही साडेपाचलाच आला, संध्याकाळच्या.