पहिलं बोन्साय: जुनिपर नको, वडच बरा

बडोद्यातल्या एका नर्सरीतून गेल्या वर्षी ९०० रुपयांचं जुनिपर (सुईसारख्या पानांचं झाड) आणलं. "घरात ठेवा ताई, काही होत नाही." टीव्हीशेजारी ठेवलं. महिनाभर हिरवंगार, मग एकदम करडं. जुनिपर मेल्यावरही कितीतरी दिवस हिरवं दिसतं, हे तेव्हा कुठे ठाऊक! त्याला उघडी हवा, ऊन आणि हिवाळ्यातली कडक थंडी लागते. इथे कुठली थंडी?

यंदा दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या भिंतीत उगवलेलं वडाचं रोप कुंडीत लावलं. फुकट! (शहराचं जुनं नावच वटपद्रक, म्हणा.) मे महिन्यात पानं गळाली, पंधरवड्यात पुन्हा फुटली. पानं मोठी, चीक चिकट, सारखी छाटणी. पाणी घालायला विसरणाऱ्यांनी जेड (जाड, रसाळ पानांचं झाड) घ्यावं. नर्सरीला दोन तारे, तेही कुंडी छान होती म्हणून.