ऑफिसात रडू आलं आणि १४४१६ लावला, माझा अनुभव

मार्च एंडच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझ्या डोळ्यात पाणी आलं, लगेच साहेब म्हणाले "मॅडम, इथे इमोशनल नाही व्हायचं". गंमत म्हणजे हेच साहेब रोज टेबलावर हात आपटून ओरडतात, पण ते म्हणे पॅशन!! राग म्हणजे भावना नाही का मग? असो.

जिन्यात जाऊन टेली-मानसला फोन लावला. १४४१६ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, २४ तास. मराठी निवडता येतं हे बेस्ट, रडताना कोणाला इंग्लिश सुचतंय. पलीकडच्या ताईंनी आधी नुसतं ऐकून घेतलं, "रडू नका" एकदाही म्हणाल्या नाहीत, मग झोप, जेवण, घरी कोण कोण असतं हे सगळं विचारलं आणि वाटलं तर परत फोन करा म्हणाल्या. एका फोनमध्ये साहेब सुधारतील असली अपेक्षा ठेवू नका पण मन मोकळं करायला एक नंबर, माझ्याकडून ५ पैकी ४.

फक्त जिन्यातून करू नका, आवाज घुमतो, हाऊसकीपिंगच्या मावशींनी सगळं ऐकलं बहुतेक, काही न विचारता चहा आणून ठेवला शेजारी.